लष्कर कुठलं, पुण्याचं की ग्वाल्हेरचं? प्रोग्रामिंगमधले ‘क्लास’ आणि ‘नेमस्पेस’ समजून घ्या

पुण्यातला मराठी माणूस ‘लष्करात जाऊन येतो’ म्हणाला, तर तो कॅम्पात खरेदीला निघालेला असतो. ग्वाल्हेरचा मराठी माणूस तेच वाक्य बोलला, तर तो महाराज बाड्याकडे निघालेला असतो. पुण्याचं लष्कर ही इंग्रजांची छावणी. ग्वाल्हेरचं लष्कर हा दौलतराव शिंद्यांचा तळ, १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी पडलेला आणि मग तिथेच शहर होऊन बसलेला. ‘शिंद्यांची छत्री’ म्हणाल, तर पुण्यात वानवडीला महादजींची आहे आणि ग्वाल्हेरलाही शिंदे घराण्याच्या छत्र्या आहेत. सराफ्याचंही तेच. इंदूरचा माणूस रात्री सराफ्यात जातो तो खायला, ग्वाल्हेरचा दिवसा जातो तो दागिने करायला.

आपापल्या गावात राहणाऱ्याला याचा काही त्रास होत नाही. ग्वाल्हेरमध्ये रिक्षावाल्याला ‘ग्वाल्हेरच्या लष्करात चल’ असं कोणी सांगत नाही, नुसतं ‘लष्कर’ पुरतं. अडचण येते ती दोन गावांची माणसं एकाच कामाला लागतात तेव्हा. कॉम्प्युटर प्रोग्रामिंगमध्ये अनेकांनी मिळून कोड लिहायचा म्हटला की नेमकी हीच अडचण उभी राहते. तिच्यावर जे उपाय निघाले, त्यांतले दोन सगळ्यात महत्त्वाचे: ‘क्लास’ आणि ‘नेमस्पेस’.

इंजिनिअरिंग, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटरला असलेल्या मुलांनी हे शब्द पहिल्या-दुसऱ्या सत्रातच ऐकलेले असतात. परीक्षेपुरती व्याख्या पाठही असते. पण हे कशासाठी काढलं, हा प्रश्न बहुतेकदा तसाच राहतो. मग पहिल्या नोकरीत दहा जणांचा कोड एकत्र होतो, तेव्हा तो प्रश्न पुन्हा समोर येतो.

सगळी नावं एकाच टोपलीत

एक उदाहरण घेऊ. समजा, तीन मित्र आहेत. एक ग्वाल्हेरला, एक कोल्हापूरला, एक बेळगावला. तिघांनी मिळून एका मराठी मंडळासाठी प्रोग्राम लिहायला घेतला. ग्वाल्हेरच्या मुलाकडे ग्रंथालयाचं काम, कोल्हापूरच्या मुलीकडे गणेशोत्सवाची वर्गणी आणि बेळगावच्या मुलाकडे सभागृहाचं आरक्षण.

तिघांनाही पैसे घेतल्यावर कागद द्यावा लागतो. म्हणून तिघांनीही आपापल्या कोडमध्ये एक फंक्शन लिहिलं आणि त्याला साहजिकच एकच नाव दिलं: ‘पावती’. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर तपासलं. तिघांचंही बरोबर चाललं.

मग तिन्ही भाग एकत्र केले आणि एकाच प्रोग्रामात तीन ‘पावती’ आल्या. आता काय होईल, ते भाषेवर अवलंबून आहे. पीएचपीसारखी भाषा तिथेच थांबते आणि सांगते की हे नाव आधीच घेतलेलं आहे. सी भाषेत प्रोग्राम जोडताना चूक दिसते. हे त्यातल्या त्यात बरं, कारण चूक निदान समोर येते. पायथनमध्ये मात्र तिन्ही फायलींमधली सगळी नावं सरसकट आत ओढली, तर जी फाईल शेवटी आली तिची ‘पावती’ उरते. आधीच्या दोन गुपचूप पुसल्या जातात. कुठेही लाल अक्षरं येत नाहीत.

परिणाम बघा. ग्रंथालयाची अनामत परत करायची असते, वर्गणी परत करायची नसते. ग्रंथालयाच्या पैशांवर वर्गणीची ‘पावती’ चालली, तर वाचकाने भरलेली ५०० रुपये अनामत वहीत देणगी म्हणून चढेल. दोन वर्षांनी तो माणूस पुस्तकं जमा करून पैसे मागायला येईल, तेव्हा कॉम्प्युटर म्हणेल, तुम्ही तर देणगी दिली होती. कोडमध्ये स्पेलिंगची चूक नाही, हिशेबाची चूक नाही. फक्त तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव होतं आणि ती नावं एकाच टोपलीत पडली होती.

क्लास म्हणजे साचा

आधी क्लास बघू. कागदावर छापलेली कोरी पावती डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर क्रमांक, तारीख, नाव, रक्कम अशा रिकाम्या जागा असतात. पावतीपुस्तकातली प्रत्येक पावती त्याच नमुन्याची, पण भरल्यावर प्रत्येक वेगळी. कोरा नमुना म्हणजे क्लास. भरून फाडून दिलेली एकेक पावती म्हणजे ऑब्जेक्ट.

कागदी पावती मात्र मुकी असते. क्लासमध्ये माहितीबरोबर त्या माहितीवर करायची कामंही एकत्र ठेवलेली असतात. ‘छाप’, ‘रद्द कर’, ‘रक्कम अक्षरी लिही’ ही कामं पावतीच्याच पोटात असतात. त्यांना मेथड म्हणतात. त्यामुळे रक्कम एका फाईलमध्ये, ती छापायचा कोड दुसरीकडे आणि रद्द करायचा तिसरीकडे, अशी पांगापांग होत नाही.

ही कल्पना जुनी आहे. नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा केली आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट आले. पुढे सी प्लस प्लस, जावा, पायथन, सी शार्प, पीएचपी या सगळ्यांनी ती कल्पना आपापल्या पद्धतीने घेतली.

क्लासचा दुसरा फायदा म्हणजे झाकण. पावतीवरची रक्कम एकदा लिहिली की कोणीही येऊन खाडाखोड करू नये, अशी आपली अपेक्षा असते. जावासारख्या भाषेत एखादी माहिती ‘प्रायव्हेट’ म्हणून ठेवता येते. मग बाहेरच्या कोडला तिला थेट हात लावता येत नाही. बदल हवा असेल तर क्लासने दिलेल्या मेथडमधूनच, तिथल्या तपासणीतून जावं लागतं. पायथनमध्ये अशी पक्की कुलूपबंदी नाही. नावाच्या आधी अधोरेषा दिली की इतरांनी ‘याला हात लावायचा नाही’ असं समजून घ्यायचं, असा संकेत आहे.

वारसा: ग्वाल्हेरचं टपाल तिकीट

क्लासचा तिसरा गुण म्हणजे वारसा, इंग्रजी पुस्तकांतलं ‘इनहेरिटन्स’. याचं उत्तम उदाहरण ग्वाल्हेरच्याच इतिहासात सापडतं.

१८८५ मध्ये ग्वाल्हेर संस्थानाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल खात्याशी करार केला. त्यानंतर संस्थानात जी तिकिटं चालली ती वेगळी छापलेली नव्हती. ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं घ्यायची आणि त्यांच्यावर इंग्रजीत आणि नागरीत ‘ग्वालियर’ असा जादा छाप मारायचा. चित्र तेच, किंमत तीच, आकार तोच. भर फक्त नावाची. पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांचीही अशीच व्यवस्था होती. आणि मूळ तिकीट जिथे चालत होतं तिथे, म्हणजे संस्थानाबाहेर ब्रिटिश हिंदुस्थानात पाठवायच्या पत्रावरही, हे तिकीट चालायचं. शेजारच्या होळकरांच्या इंदूर संस्थानाने मात्र स्वतःची स्वतंत्र तिकिटं काढली. ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत.

कोडमध्ये वारसा असाच चालतो. मूळ ‘पावती’ हा क्लास एकदा नीट लिहायचा: क्रमांक, तारीख, नाव, रक्कम, छाप. मग ‘अनामत पावती’ हा क्लास त्याच्यावर बेतायचा आणि भर फक्त एका गोष्टीची घालायची: ‘परत केली का?’ ‘भाडे पावती’त भर कराच्या रकमेची. मूळ पावती छापणारा कोड या दोन्ही पावत्या छापू शकतो, कारण त्याला हव्या त्या सगळ्या गोष्टी या दोघींत आहेतच.

एक पथ्य मात्र पाळायचं. जिथे मूळ पावती चालते, तिथे वारसदार पावतीही चाललीच पाहिजे. ग्वाल्हेरच्या छापाचं तिकीट पुण्याच्या पत्राला चाललं नसतं, तर तो नुसता छाप राहिला असता, कराराला अर्थ उरला नसता. नुसता थोडा कोड वाचतो म्हणून कशालाही कशाचा वारस करू नये. सभागृहाचं आरक्षण आणि पावती या दोघांत तारीख असते, पण म्हणून आरक्षण ही काही पावतीची वारस होत नाही.

नेमस्पेस म्हणजे पत्ता

आता मूळ भांडणाकडे येऊ. क्लास केले तरी तीन जणांनी तीन क्लासना ‘पावती’ असंच नाव दिलं, तर टक्कर होणारच. साचा नीट असला म्हणून नाव वेगळं होत नाही.

यावर सगळ्यात जुना उपाय म्हणजे नावालाच शेपूट लावणं. आपल्याकडे तो शेकडो वर्षं चालत आला आहे. एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की मोठं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले, पण आज ते गावाच्या नावाचाच भाग आहेत. तेवढ्याने भागलं नाही तर वडगाव मावळ, वडगाव शेरी.

प्रोग्रामर लोकांनीही आधी हेच केलं. अ‍ॅपलच्या जुन्या कोडमध्ये कितीतरी क्लासची नावं ‘एनएस’ या अक्षरांनी सुरू होतात. ती अक्षरं ‘नेक्स्टस्टेप’ या स्टीव्ह जॉब्जच्या दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीवरून आली. पीएचपीत ‘झेंड_डीबी_टेबल’ अशी लांबलचक नावं असत. सी भाषेत नेमस्पेस आजही नाही, म्हणून ‘एसक्यूलाईट’ हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी ‘एसक्यूलाईट३’ असं लावतो.

शेपटाने काम होतं, पण ते कायम वागवावं लागतं. घरातल्या घरातही पूर्ण नाव उच्चारायचं आणि प्रत्येक ओळीत तेच लिहायचं. नेमस्पेसमध्ये नाव छोटंच राहतं, वेगळा होतो तो पत्ता. तिघा मित्रांचा कोड असा मांडता येतो:

मंडळ
— सामायिक: पावती (मूळ साचा)
— ग्रंथालय: सभासद, पुस्तक, पावती
— वर्गणी: देणगीदार, पावती
— सभागृह: आरक्षण, पावती

ग्रंथालयाच्या कोडमध्ये नुसतं ‘पावती’ म्हटलं की ग्रंथालयाचीच पावती. बाहेरून हवी असेल तर पूर्ण पत्ता द्यायचा: मंडळ.वर्गणी.पावती. एकाच फाईलमध्ये दोन पावत्या लागल्या तर एकीला टोपणनाव देता येतं, म्हणजे मंडळ.वर्गणी.पावती हिला या फाईलपुरतं ‘वर्गणीपावती’ म्हणायचं. लष्कर आणि ग्वाल्हेरचं लष्कर, यांचाच हा खेळ आहे. घरात छोटं नाव, बाहेर पूर्ण पत्ता.

वेगवेगळ्या भाषांत याला वेगवेगळी नावं आहेत. सी प्लस प्लस, सी शार्प आणि पीएचपीत नेमस्पेस, जावा आणि गो भाषेत पॅकेज. पायथनमध्ये प्रत्येक फाईल हीच आपोआप एक नेमस्पेस असते आणि तिला मॉड्यूल म्हणतात. पायथन ३ मध्ये क्लासची नावं थेट देवनागरीतही देता येतात. भाषेचे स्वतःचे राखीव शब्द तेवढे इंग्रजीत राहतात.

पिनकोडची रीत

नेमस्पेसच्या आत नेमस्पेस कशी असते, हे बघायला पिनकोडपेक्षा चांगलं उदाहरण नाही. भारतात तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. अडचण तीच होती: एकाच नावाची अनेक गावं, आणि पत्ते वेगवेगळ्या भाषांत नि लिप्यांत लिहिलेले.

ग्वाल्हेरच्या लष्कराचा पिनकोड ४७४००१. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मिळून मोठा विभाग. पुढच्या अंकाने त्यातला उपविभाग कळतो, पहिल्या तीन अंकांनी पत्रांची वर्गवारी करणारा जिल्हा आणि शेवटच्या तीन अंकांनी पोस्ट ऑफिस. कोल्हापूर ४१६ मध्ये, बेळगाव ५९० मध्ये. म्हणजे चंदगडचं पत्र ४ च्या पिशवीत आणि पलीकडे बेळगावचं ५ च्या पिशवीत. गंमत म्हणजे पहिला अंक ९ हा सैन्याच्या टपालासाठी राखून ठेवलेला आहे. त्यामुळे ग्वाल्हेरचं ‘लष्कर’ आणि खरंखुरं लष्कर यांची पत्रं पहिल्याच अंकाला वेगळी होतात.

‘००१’ हे शेवटचे आकडे देशात किती तरी ठिकाणी आहेत, पण त्यांची टक्कर होत नाही, कारण त्यांच्या आधी ४७४ किंवा ५९० असतं. मंडळ.ग्रंथालय.पावती आणि मंडळ.वर्गणी.पावती यांचंही तेच.

जावाने यासाठी एक छान शिस्त घातली. जगात कुठेही टक्कर होऊ नये म्हणून संस्थेचा वेबपत्ता उलटा करून पॅकेजचं नाव द्यायचं. ग्वाल्हेरच्या अटलबिहारी वाजपेयी भारतीय माहिती तंत्रज्ञान आणि प्रबंधन संस्थेचा वेबपत्ता आयआयआयटीएम.एसी.इन असा आहे. तिथल्या जावा कोडचं पॅकेज या शिस्तीप्रमाणे इन.एसी.आयआयआयटीएम असं सुरू होईल: आधी देश, मग क्षेत्र, मग संस्था. पिनकोडसारखंच, मोठ्याकडून लहानाकडे. वेबपत्ता एका वेळी एकाच संस्थेच्या नावावर असतो, म्हणून त्याच्यावर बेतलेलं नावही दुसऱ्या कोणाचं सहसा नसतं.

मग क्लासच नेमस्पेस म्हणून वापरला तर?

विद्यार्थ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन्हींच्या आत नावं असतात, दोन्हींना कंस किंवा समास असतो, बाहेरून बोलावताना दोन्हींत मध्ये टिंब किंवा तत्सम चिन्ह येतं. फरक काय?

क्लासपासून ऑब्जेक्ट बनतात. प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची आठवण असते: या पावतीची रक्कम ५००, त्या पावतीची १०१. नेमस्पेसपासून काही बनत नाही. ‘ग्रंथालय’ नेमस्पेसच्या दहा प्रती काढता येत नाहीत, जशा ४७४००१ च्या दहा प्रती निघत नाहीत. ती फक्त नावांची जागा आहे. सी प्लस प्लसमध्ये आणखी एक फरक दिसतो. क्लासचा आराखडा एकाच ठिकाणी पूर्ण लिहावा लागतो, नेमस्पेस मात्र अनेक फायलींत पसरवता येते. तिघा मित्रांनी तीन फायलींत ‘मंडळ’ उघडून आपापलं लिहिलं तरी चालतं.

म्हणून सोपी कसोटी अशी. काही लक्षात ठेवायचं असेल, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं असतील, तर क्लास. लक्षात काहीच ठेवायचं नसेल, नुसती चार उपयोगी फंक्शनं असतील, उदाहरणार्थ रक्कम अक्षरी लिहिणं किंवा तारीख मराठीत छापणं, तर ती नेमस्पेसमध्ये सुटी ठेवली तरी पुरतं. त्यांच्यासाठी ओढूनताणून क्लास करायची गरज नाही. जावात मात्र फंक्शन क्लासच्या आतच लिहावं लागतं, म्हणून तिथे ‘मॅथ’सारखे क्लास प्रत्यक्षात पेटीचंच काम करतात. ती त्या भाषेची रीत आहे. ती बघून पायथनमध्येही तसंच करायला जाऊ नये.

कॉलेजातली ती पहिली ओळ

आपल्याकडच्या हजारो मुलांनी सी प्लस प्लस शिकताना ‘युजिंग नेमस्पेस एसटीडी’ ही ओळ प्रत्येक प्रोग्रामच्या वर लिहिली आहे. ती का लिहितात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी प्लस प्लस चाललं. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. सी प्लस प्लसचं पहिलं अधिकृत प्रमाण १९९८ मध्ये आलं आणि त्यात भाषेबरोबर येणारी सगळी नावं ‘एसटीडी’ या नेमस्पेसमध्ये गेली. म्हणूनच टर्बोवर चालणारा प्रोग्राम नव्या कंपायलरवर टाकला की ‘सीआउट माहीत नाही’ अशी तक्रार येते. नाव तेच आहे, त्याचा पत्ता बदलला आहे.

ती ओळ लिहिली की एसटीडीमधली सगळी नावं आपल्या टोपलीत ओतली जातात. वीस ओळींच्या प्रोग्रामला चालून जातं. पण आपण सगळ्यांत वर ‘काउंट’ नावाचं व्हेरिएबल केलं आणि एसटीडीतही ‘काउंट’ असलं, तर कंपायलर विचारतो, यातलं कुठलं? मोठ्या सामायिक कोडमध्ये, विशेषतः इतरांनी वापरायच्या हेडर फाईलमध्ये, ही ओळ टाळतात ती म्हणूनच. पायथनमध्ये तारांकित चिन्ह देऊन सगळंच आत आणण्याची जी सोय आहे, तिचंही हेच.

नावांनी केलेले घोटाळे

हा प्रश्न फक्त पुस्तकातला नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये पीएचपीची ५.१.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात ‘डेट’ नावाचा एक क्लास भाषेनेच आणला होता. पण पीअर या लोकप्रिय संग्रहातही ‘डेट’ नावाचा क्लास होता आणि तो जगभर वापरात होता. दोघांची टक्कर झाली. अवघ्या चार दिवसांत ५.१.१ काढून भाषेला आपला क्लास मागे घ्यावा लागला. पीएचपीत नेमस्पेस आली ती त्यानंतर, २००९ मध्ये, ५.३ या आवृत्तीत.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये जेक्वेरी आणि प्रोटोटाइप या दोन्ही संग्रहांना डॉलरचं चिन्ह हेच आपलं छोटं नाव म्हणून हवं होतं. शेवटी जेक्वेरीने ‘नो कॉन्फ्लिक्ट’ नावाची खास सोय दिली. ती वापरली की जेक्वेरी ते चिन्ह सोडून देते.

मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारात ‘किक’ या नावावरून वाद झाला. एका प्रोग्रामरचं त्या नावाचं पॅकेज होतं आणि त्याच नावाच्या कंपनीला ते नाव हवं होतं. कोठाराने नाव कंपनीला दिलं. रागावून त्या प्रोग्रामरने आपली सगळीच पॅकेजं काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. त्याच्यावर हजारो प्रकल्प अवलंबून होते. ते सगळे एका झटक्यात अडले.

फेब्रुवारी २०२१ मधला प्रकार त्याहून गंभीर. अ‍ॅलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की मोठ्या कंपन्यांच्या आतल्या, खासगी पॅकेजचं नाव कळलं आणि त्याच नावाचं पॅकेज सार्वजनिक कोठारात जास्त वरच्या आवृत्ती क्रमांकाने ठेवलं, तर कंपनीची साधनं आपलं सोडून ते परकं पॅकेज उचलतात. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल अशा तीसहून अधिक कंपन्यांत हे घडू शकलं. तो संशोधक होता म्हणून निभावलं. चोराने हे केलं असतं तर त्याचा कोड सरळ कंपनीच्या आत जाऊन चालला असता. यावरचा एक उपाय पुन्हा पत्त्याचाच आहे. पॅकेजच्या नावाआधी संस्थेचं नोंदवलेलं नाव लावायचं, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्या पत्त्यावर काही ठेवताच येत नाही.

उलटी अडचण: गोष्ट एक, नावं दोन

ग्वाल्हेरच्या राजघराण्याचं मूळ गाव साताऱ्याजवळचं कण्हेरखेड. मराठीत ते शिंदे, हिंदी आणि इंग्रजीत सिंधिया. माणसं तीच. बेळगावचंही तसंच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात बेळगावी, त्याआधी इंग्रजीत बेलगाम, मराठी घरांत बेळगाव. पण पिनकोड ५९०००१ होता, तो तसाच राहिला.

प्रोग्राम लिहिणाऱ्याने इथून एक गोष्ट घ्यावी. नाव माणसांसाठी असतं आणि ते बदलू शकतं. ओळख पटवायला नाव वापरलं तर एकाच सभासदाच्या दोन नोंदी होतात किंवा दोन सभासदांची एक होते. राज्य ओलांडून येणाऱ्या याद्यांत हे हमखास होतं, कारण एकीकडे नावात वडिलांचं नाव मधे असतं, दुसरीकडे नसतं. म्हणून ‘सभासद’ क्लासमध्ये एक न बदलणारा क्रमांक ठेवावा आणि ओळख त्याच्यावरून पटवावी. नाव छापायला वापरावं.

सामायिक कोड लिहायला बसण्याआधी

मित्रांबरोबर कॉलेज प्रोजेक्ट असो की नोकरीतलं पहिलं काम, काही गोष्टी सुरुवातीलाच ठरवलेल्या बऱ्या:

• पहिल्या दिवशी पत्ते ठरवा. कोणाचा भाग कुठल्या नेमस्पेसमध्ये, हे कागदावर लिहा आणि मगच कोड उघडा.

• नेमस्पेसला कामावरून नाव द्या, माणसावरून नको. ‘ग्रंथालय’ टिकतं. मुलगा नोकरी बदलून गेला की त्याच्या नावाच्या फोल्डरला अर्थ उरत नाही.

• खोली बेताची ठेवा. पिनकोडला सहा अंक पुरतात, मंडळाच्या प्रोग्रामला आठ पायऱ्यांचा पत्ता कशाला?

• जे तिघांनाही लागतं ते ‘सामायिक’मध्ये एकदाच लिहा. तिथे बदल करायचा असेल तर आधी बाकीच्यांना सांगा, कारण मूळ साचा हलला की सगळे वारस हलतात.

• लागेल तेवढंच नाव आत आणा. ‘सगळंच आण’ ही सोय टाळा.

• पायथनमध्ये आपल्या फाईलला भाषेच्या मॉड्यूलचं नाव देऊ नका. ‘रँडम’ नावाची फाईल केली की पायथनला आधी तुमचीच फाईल सापडते, भाषेचं खरं ‘रँडम’ मॉड्यूल बाजूला राहतं आणि मुलं तासन्‌तास चूक शोधत बसतात.

• बाहेरचं पॅकेज घेताना नाव अक्षर न् अक्षर तपासा. सारखं दिसणारं नाव म्हणजे तेच पॅकेज, असं धरू नका.

ग्वाल्हेर, इंदूर, बेळगाव, निपाणी इथून शिकलेली मुलं पुण्या-बेंगळुरूला जाऊन ज्या कोडवर काम करतात, तो पाच-पन्नास अनोळखी माणसांनी लिहिलेला असतो. त्यांच्यातल्या कोणीतरी ‘पावती’ हे नाव आधीच वापरलेलं असणार. त्याला ते नाव बदलायला लावायचं नाही आणि आपणही आपलं सोडायचं नाही. पत्ता पूर्ण लिहिला की दोन्ही पावत्या सुखाने नांदतात, आणि ग्रंथालयाच्या वाचकाला त्याचे ५०० रुपये परत मिळतात.